टिटवी बसलीया

सासवडला आमच्या घरामागचा रस्ता संपला की माळ लागतो. दिवेघाट चढून आलेल्या माणसाला तो उघडाबोडका वाटतो. मुरूम, दगड, वाळलेली कुसळी, मध्येच एखादी बोर नाहीतर हिवर. सह्याद्री ओलांडून आलेले ढग इथवर पोचेतो रिते झालेले असतात, त्यामुळे झाडं मुळातच विरळ. मी रोज सकाळी फिरायला जाते ती इथेच.

एप्रिलात एका म्हाताऱ्या मेंढपाळानं लांबूनच हाक दिली, "बाई, त्या अंगाला नका जाऊ. टिटवी बसलीया." मी दुर्बीण लावली, तरी बराच वेळ नुसती जमीनच दिसत होती. मग काळी टोपी दिसली, चोचीजवळची पिवळी कातडी दिसली. माळटिटवी होती. उघड्या मुरमावर थोडासा खळगा, भोवती खडे, आणि मातीच्याच रंगाची ठिपकेदार चार अंडी. आडोसा कसलाच नाही. म्हातारा मेंढरं वळवून लांबच्या वाटेनं गेला. टिटवीनं अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस भरपूर, हा त्याचा हिशोब. यंदा ती उंचवट्यावर आहेत, हे त्यानं जाता जाता सांगितलं.

त्यानंतर मी रोज त्या बोरीपाशी थांबू लागले, तिला माझी भीती वाटणार नाही इतकं अंतर ठेवून. एकदा ऊन चढेपर्यंत मुद्दाम बसून राहिले. जोडीदार आला तशी ती उठली, ओढ्यातल्या उरल्यासुरल्या डबक्यात उतरली, पोटाची पिसं भिजवली आणि तशीच ओली परत येऊन अंड्यांवर बसली. अशा उन्हात अंडी ऊब देऊन नव्हे, गार ठेवून वाचवावी लागतात. पक्ष्यांच्या पुस्तकात हे वाचलेलं होतं, पण तापलेल्या मुरमावर ती ओली पिसं पाहताना माझे डोळे भरून आले. पिल्लं निघाली ती त्याच दिवशी चालू लागली. आकाशात घार दिसली की आईची हाक यायची आणि पिल्लं जिथल्या तिथं जमिनीला चिकटायची.

माळाला असे अनेक रहिवासी आहेत. धाविक पळतो, थबकतो, किडा टिपतो, पुन्हा पळतो. डोंबारी चंडोल वर चढतो, पंख मिटून खाली झेपावतो आणि लांब शीळ घालत परत वर उठतो. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या येतात. टोळ-नाकतोडे टिपत गवतावरून तरंगत जातात आणि रात्री त्याच गवतात जमिनीवर झोपतात. झाडावर नाही, हे लक्षात घ्यायला हवं.

कारण गेल्या जूनमध्ये याच सपाटीवर एका मंडळानं खड्डे घेतले. ग्लिरिसिडिया आणि गुलमोहर लावायचं ठरलं होतं. मंडळी मनापासून कष्ट करणारी, शनिवार-रविवार घाम गाळणारी. पण उघडी जमीन म्हणजे पडीक जमीन, ही समजूत इतकी मुरलेली आहे की सरकारी नोंदींतही पुष्कळसे माळ पडीकच ठरतात. मी त्यांच्या बैठकीला गेले आणि टिटवीची सगळी हकीकत सांगितली. लांबवर नजर पोचते म्हणून ती उघड्यावर अंडी घालते. शेजारी झाड उभं राहिलं की कावळ्याला, शिक्र्याला टेहळणीची जागा मिळते. कुसळीची मुळं माती धरून ठेवतात आणि मेंढरं त्याच गवतावर जगतात. नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं, तरी आज तिथं माळढोक दिसणं दुर्मीळ आहे. माळ हातचे गेले की काय होतं, ते आपल्या राज्यानं पाहिलेलं आहे.

एक तरुण म्हणाला, "मग आम्ही झाडं लावायचीच नाहीत का?" प्रश्न रास्त होता. ओढ्याच्या दोन्ही काठांवर करंज, उंबर, जांभूळ चांगले येतील, तिथं माती आहे, ओल आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही ओढ्याकाठची जागा पावलांनी मापली. रोपं आता तिथं लागतील. वरच्या सपाटीबद्दल मात्र अजून एकमत नाही; काहींना तिथं निदान एक रांग तरी हवीच आहे. भोवत्या ऑक्टोबरात येऊ लागतात. तेव्हा संध्याकाळी सगळ्यांना माळावर न्यायचं मी कबूल केलंय, आणि त्या मेंढपाळालाही बोलावलंय.