सूर्याशी लिथियमची थेट सोयरीक

सौरघटाच्या तारा लिथियम-आयन बॅटरीला, मध्ये कसलेही नियंत्रक साधन न ठेवता, सरळ जोडता येतील काय, हा प्रश्न विद्युत्-रसायनाच्या अभ्यासात अर्धे आयुष्य घालवल्यावरही मला तितकाच जिवंत वाटतो. कारण वरवर तो काटकसरीचा दिसला, तरी मुळात तो दोन वस्तूंच्या स्वभावांचा मेळ बसण्याचा आहे.

सिलिकनचा एक सौरघट भर उन्हात सुमारे अर्ध्या व्होल्टवर काम करतो, आणि त्याचे वैशिष्ट्य असे की, ठरावीक दाबापर्यंत त्याचा प्रवाह जवळजवळ अढळ राहतो व ती सीमा ओलांडताच झपाट्याने ढासळतो. लिथियम बॅटरीचीही नेमकी हीच मागणी असते: आरंभी स्थिर प्रवाह आणि अखेरीस त्याची उतरंड. त्यातून लोह-फॉस्फेटाच्या बॅटरीचा दाब तर भरण्याच्या बहुतेक काळात सपाटच राहतो. म्हणून घटांची संख्या त्या दाबाशी नीट जुळवली, की कमाल शक्तीचा बिंदू शोधत राहणाऱ्या महागड्या साधनाचे पुष्कळसे काम ही जुळणीच करून टाकते. जनरल मोटर्समधील गिब्सन आणि केली यांनी २०१० साली अशाच जुळणीने, प्रकाशापासून साठ्यापर्यंत, १४.५ टक्के कार्यक्षमता मिळवल्याचा दाखला आहे. तोही सुमारे १५ टक्के कार्यक्षमतेचे पॅनेल वापरून. म्हणजे वाटेत जवळजवळ काहीच सांडले नाही!

पण या जुळणीत एक पेच आहे, आणि तो मी पुण्यातल्या गच्चीवर, एप्रिलच्या उन्हात, हातात मल्टिमीटर घेऊन अनुभवला आहे. एका ओळीत जोडलेल्या आठ घटांच्या मोकळ्या टोकांवर सकाळी साडेआठला ४.६ व्होल्ट मिळाले. दुपारी दोनला, काचेवर हात ठेववत नव्हता तेव्हा, तेच ४.२ वर आले, कारण तापमानाच्या दर अंशामागे प्रत्येक घट सुमारे दोन मिलिव्होल्ट गमावतो. लोह-फॉस्फेटाच्या एका सेलची कमाल मर्यादा ३.६५ व्होल्ट. रात्री उलटा प्रवाह वाहू नये म्हणून घातलेला डायोड ०.३ व्होल्ट खातो, तरीही आठ घट मर्यादेच्या वरच राहतात. एक घट कमी करावा, तर ऐन दुपारी बॅटरी जेमतेम भरते. उष्णतेला पुरून उरेल आणि थंडीत मर्यादा राखील, अशी घटसंख्या आपल्या हवामानात मला तरी सापडली नाही.

शिसे-आम्लाची जुनी बॅटरी अशा वेळी सांभाळून घेई: जादा वीज पाण्याचे विघटन करण्यात खर्ची पडे, आणि महिन्याकाठी ऊर्ध्वपातित पाणी घातले की भागे. लिथियमच्या ठिकाणी ही मुभा नाही. जादा प्रभार विद्युत्-अपघट्य द्रवाचा नाश करतो, वायू साठतो, उष्णता वाढते. मोबाइलमधली पिशवीवजा बॅटरी छोट्या पॅनेलला थेट जोडून दिवसभर उन्हात ठेवणारा एक तरुण ती माझ्याकडे घेऊन आला, तेव्हा ती पुरीसारखी टम्म फुगली होती. पेटली नाही, एवढेच त्याच्या घरच्यांचे सुदैव.

म्हणून घरी प्रयोग करणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे: सौरघट थेट जोडा, जुळणी अवश्य साधा, पण ३.६५ व्होल्टला प्रवाह तोडणाऱ्या छोट्या संरक्षक सर्किटचा बंदोबस्त झाल्याखेरीज दुसरी तार जोडू नका.