अक्रोडाचा रंग आणि आईची लुगडी

आमच्या गाडीच्या डिकीत बाराही महिने तीन गोष्टी असतात. झाकणाची एक बादली, एक कात्री आणि एक जुनी टेलिफोन डिरेक्टरी. बादली आणि कात्री लोकांना समजते, डिरेक्टरी समजत नाही. आता अशा जाड डिरेक्टऱ्या घरी येईनाशा झाल्या, पण मी दोन जपून ठेवल्या आहेत. झाडाची पानं दाबून वाळवायला त्यांच्यासारखी दुसरी वस्तू नाही. कागद पातळ, ओल चटकन शोषून घेतो, आणि हजारभर पानांच्या वजनाखाली मेपलचं पान इस्त्री केल्यासारखं सपाट होतं. "तुझ्या त्या डिरेक्टरीत स्मिथ नावाच्या माणसांपेक्षा मेपलच जास्त निघतील," असं आमचे हे म्हणतात.

मंडळाच्या मेळाव्यात माझ्या टेबलावर तुम्ही पानांची ग्रीटिंग कार्डं पाहिली असतील, पाइनच्या शंकूंची तोरणं पाहिली असतील. ती हौस झाली. टीव्ही बघता बघता होणारी कामं. ज्यात माझा खरा जीव अडकला आहे ती गोधडी. आणि आमचे निम्मे वीकएंड त्या गोधडीपायीच खर्ची पडतात, म्हणून आज त्याबद्दलच लिहिते.

न्यू जर्सीत राहणाऱ्याला एक सुख आहे. टर्नपाइकवरून जाताना कोणाला खरं वाटणार नाही, पण दीड-दोन तास पश्चिमेला गाडी हाकली की डोंगर, नद्या, शेतं सगळं आहे. आम्ही 1986 साली आलो तेव्हा वीकएंड म्हणजे लाँड्री, ग्रोसरी आणि कोणाकडे तरी जेवायला जाणं. मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिच्या निमित्ताने बाहेर पडायला लागलो. डेलावेअर वॉटर गॅप, पोकोनोज, आणि पेनसिल्व्हेनियातला हॉक माउंटन.

हॉक माउंटनची गोष्ट मला फार आवडते. या डोंगराच्या कड्यावर बसून लोक मौजेखातर ससाण्यांची शिकार करत. रोझली एज नावाच्या बाईंनी 1934 साली तो डोंगरच भाड्याने घेतला आणि बंदूकवाल्यांना तिथे येणं बंद केलं. आज तिथे माणसं दुर्बिणी घेऊन बसतात आणि पक्षी मोजतात. सप्टेंबरच्या मध्यावर गेलात तर ब्रॉड-विंग्ड हॉक दिसतात. ऊन तापलं की जमिनीवरून गरम हवेचे खांब वर चढतात. त्या हवेवर पंख न हलवता शेकडो पक्षी गोल गोल घिरट्या घालत उंच जातात आणि तिथून दक्षिणेकडे घरंगळत निघतात, थेट मध्य आणि दक्षिण अमेरिकेपर्यंत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दगडावर बसून सँडविचच्या कागदावर त्या घिरट्या काढून घेतल्या. घरी येऊन साध्या निळ्या कापडावर त्याच रेषेत धावदोरा घातला. वरून बघणाऱ्याला पक्षी दिसत नाहीत, नुसतीच वाऱ्याची वाट दिसते. ती गोधडी अजून आमच्या पाहुण्यांच्या खोलीत आहे.

आता रंगाविषयी. आमच्या मागच्या अंगणात काळ्या अक्रोडाचं, म्हणजे ब्लॅक वॉलनटचं झाड आहे. घर घेताना एजंटने त्याचं कौतुक केलं, ऑक्टोबरमध्ये त्याचा अर्थ कळला. टेनिसच्या चेंडूएवढी हिरवी फळं टपाटप पडतात, गाडीवर पडली तर पोचा येतो. फळं कुजली की काळा चिखल होतो. झाडाच्या मुळांतून आणि पानांतून जुग्लोन नावाचं द्रव्य जमिनीत उतरतं, त्यामुळे आसपास टोमॅटो जगत नाहीत. शेजाऱ्यांनी आपलं झाड तोडून टाकलं. आम्ही ठेवलं, कारण त्या हिरव्या सालीत जगातला सगळ्यात इमानदार तपकिरी रंग असतो.

इमानदार अशासाठी म्हणते की बहुतेक वनस्पतींचे रंग सुती कापडाला आपणहून धरत नाहीत. हळदीचंच बघा ना, रंग सुंदर, पण चार दिवस उन्हात टाकलं की पांढरं फटक. रंग पक्का बसायचा तर आधी कापडाला तुरट द्रव्य पाजावं लागतं, मग तुरटी. मी साधारण 100 ग्रॅम कापडाला 15 ग्रॅम तुरटी घेते. तुरट द्रव्य म्हणजे आपला हिरडा. माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं. तिथल्या डोंगरात महादेव कोळी माणसं बाळहिरडा गोळा करून विकतात. लहानपणी हिरड्याची पोती बाजारात बघितली होती, पण तो आयुर्वेदाच्या औषधांत जातो एवढंच ठाऊक होतं. कापड रंगवायलाही तोच लागतो, हे मला अमेरिकेत येऊन, एका कॅटलॉगमध्ये 'मायरोबलन' असं नाव वाचून कळलं. पुडी उघडली आणि वास आला तेव्हा ओळख पटली. आता अधूनमधून हिरड्याऐवजी सुमॅकची पानंही वापरते. हायवेच्या कडेला लाल केसाळ तुरे दिसतात ना, ते झाड. (पांढऱ्या फळांचं सुमॅक दिसलं तर मात्र लांबूनच नमस्कार करा. ते विषारी असतं, अंगावर फोड येतात.)

अक्रोडाला मात्र यातलं काही लागत नाही. ना हिरडा, ना तुरटी. हातमोजे घालून साली सोलायच्या, बादलीत पाण्यात काही दिवस भिजत घालायच्या, मग तासभर उकळून गाळून घ्यायच्या. भांडं वेगळं ठेवायचं, स्वयंपाकाचं अजिबात नाही. भिजवलेलं कापड त्यात रात्रभर बुडवून ठेवलं की सकाळी चहापासून कॉफीपर्यंत हवा तो रंग. गंजलेला खिळा टाकला तर आणखी गडद. हातमोज्याला भोक असेल तर तोच रंग बोटांनाही लागतो आणि आठवडा-दोन आठवडे हलत नाही. ऑफिसात लोक विचारायचे, "लग्न होतं का कोणाचं? मेंदी काढलीय?"

एक सांगून ठेवते. नॅशनल पार्कच्या हद्दीत पानाफुलांना हात लावायचा नसतो. मी आपल्या अंगणातलं घेते, नाहीतर ओळखीच्यांना विचारून. पार्कमधून मी फक्त रंग बघून येते.

आईला हे सगळं बघून गंमत वाटायची. ती इथे 1999 च्या शरदात आली होती, तीन महिने. तेव्हा मी क्विल्टिंगच्या क्लासला जात होते. दुकानातून नवं कोरं कापड आणायचं, त्याचे त्रिकोण-चौकोन कापायचे, ते पुन्हा एकमेकांना जोडायचे, मध्ये कापसाचा थर, खाली अस्तर. आईने दोन दिवस नुसतं बघितलं आणि म्हणाली, "धडधाकट कापड कापून परत शिवायचं? अगं, फाटू तरी दे आधी!"

तिच्या दृष्टीने गोधडी ही फाटलेल्याची असते. पाच-सहा जुनी लुगडी एकावर एक पसरायची, कोपऱ्यांवर डबे नाहीतर वरवंटा ठेवायचा, टाचून घ्यायचं आणि कडेपासून धावदोरा घालत आत आत जायचं. डिझाइन वगैरे भानगड नाही. नाही म्हणायला वरच्या थराला त्यातल्या त्यात चांगला काठ यावा, एवढीच हौस.

त्या वेळी एका शनिवारी तिला लँकेस्टर काउंटीत घेऊन गेलो. आमिश लोकांचा मुलूख. घोड्याच्या बग्ग्या, दोरीवर वाळत घातलेले एकरंगी कपडे, मक्याची शेतं. आईला तिथे एकदम घरच्यासारखं वाटलं. म्हणाली, "ही माणसं आपल्यासारखीच आहेत, फक्त जास्त स्वच्छ." एका घराच्या ओसरीवर क्विल्ट विकायला टांगल्या होत्या. आमिश बायकांच्या जुन्या क्विल्टमध्ये फुलापानांची छापील नक्षी नसते. गडद एकरंगी कापडं, वांगी, हिरवी, किरमिजी, आणि मोठे साधे आकार. पण टाके इतके बारीक की सगळी नक्षी त्या टाक्यांचीच. आईने किंमत विचारली नाही. तिने क्विल्टचा कोपरा धरला, उलटा केला आणि मागची बाजू बघितली. घरातली म्हातारी बाई तिच्याकडे बघत होती. ती उठून जवळ आली आणि आणखी एक क्विल्ट उलटी करून आईपुढे धरली. एकीला मराठी येत होतं, दुसरीला इंग्लिश आणि पेनसिल्व्हेनिया डच. दोघी दहा मिनिटं मागच्या बाजूच बघत उभ्या होत्या. मी दुभाष्याचं काम करायला पुढे झाले तर आईने मला हाताने बाजूला केलं.

परतताना गाडीत म्हणाली, "हात चांगला आहे. पण ती कोणी अंगावर घेतलेली दिसत नाही."

तिचं हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. पुढे वाचनात आलं की न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने 1971 साली जुन्या अमेरिकन क्विल्ट चित्रांसारख्या भिंतीवर टांगून प्रदर्शन भरवलं होतं, आणि त्यानंतर त्यांच्याकडे लोक कला म्हणून बघायला लागले. जुन्या आमिश क्विल्टच्या किमती वाढत गेल्या. नव्यांना मागणी इतकी आली की पुढे लँकेस्टरच्या दुकानांसाठी बरंच शिवणकाम लाओसहून निर्वासित होऊन आलेल्या हमोंग बायका करत असत. हे वाचल्यावर मला त्या क्विल्ट जास्तच जवळच्या वाटायला लागल्या. परदेशात येऊन सुईवर पोट भरणाऱ्या बाईचे टाके त्यात आहेत, आणि लेबलवर तिचं नाव नाही.

आई 2019 मध्ये गेली. पुढे दोन वर्षं विमानांचं जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. 2021 च्या शेवटी भाचा आला तेव्हा त्याच्या बॅगेत आईची सहा लुगडी आणि दोन विरलेली पांढरी पातळं आली. दोन करवतकाठी, एक रुईफुलाच्या काठाचं इरकल, बाकी रोजची. मुलीला तेव्हा पाचवा महिना होता. तिने फोनवर विचारलं, "मॉम, आजीच्या साड्यांचं दुपटं करशील?"

मी ताईला पुण्याला फोन केला. ताई गप्पच झाली. मग म्हणाली, "आईची लुगडी कापणार तू? तिचं आता आणखी काय उरलंय आपल्याकडे?" मी म्हटलं, दुपट्यातच राहतील. ती म्हणाली, बाळाच्या दुपट्याचं काय होतं ते मला सांगू नकोस. फ्रेम कर, भिंतीवर लाव, पण कापू नकोस. यांना विचारलं तर म्हणाले, "मला दोघींचंही पटतंय." याचा काय उपयोग?

बॅग तीन आठवडे तशीच पडून होती. कात्री हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे.

मी 1986 साली आले तेव्हा आईने एक गोधडी बरोबर दिली होती. जड झाली म्हणून मी विमानतळावर कुरकुरले होते. तीच गोधडी आम्ही पहिल्या हिवाळ्यात पांघरली, मुलगी तिच्यावरच रांगली, पुढे ती पिकनिकला गेली. आता तिचा वरचा थर पार विरला आहे. दुपट्याचा अंदाज घ्यायला म्हणून ती काढली आणि फाटक्या भागातून आतलं कापड दिसलं. आईचं नव्हतंच ते. गडद हिरवं, बारीक लाल रेघेच्या काठाचं. आईने असं लुगडं नेसलेलं मी कधी पाहिलं नाही. ताईला फोटो पाठवला. तिचं लगेच उत्तर आलं, "हे आजीचं. मला आठवतंय, ती आंबेगावला नेसायची." म्हणजे आईने आपल्या सासूची लुगडी आत घालून वरून आपली लावली होती, आणि आम्ही पस्तीस वर्षं आजीला पांघरून झोपलो होतो. मी सहा महिन्यांची असताना आजी गेली. तिचा फोटोसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी पांढरी पातळं अक्रोडात टाकली.

दुपट्याचा वरचा थर मी फ्लाइंग गीझ नमुन्याचा केला, एकामागून एक त्रिकोण. हिवाळ्याच्या तोंडावर कॅनडा गीझ पक्ष्यांचे थवे आमच्या छपरावरून कलकलाट करत जातात, तोच आकार. त्रिकोण करवतकाठी लुगड्याचे, मधली जागा अक्रोडी. आत आईचं रोजचं लुगडं, आणि त्याच्याही आत आजीच्या हिरव्या कापडाचा वीतभर तुकडा. टाके मात्र आईच्या पद्धतीने, कडेपासून आत. क्लासमधल्या बाई म्हणाल्या असत्या, मधून बाहेर जा, नाहीतर चुण्या पडतात. पडल्या थोड्या.

नात 2022 च्या एप्रिलमध्ये झाली. दुपटं तिच्याबरोबर सगळीकडे फरपटत असतं, वॉशिंग मशीनमध्ये दर आठवड्याला जातं. दोन त्रिकोण फाटले, त्यांच्यावर मी ठिगळं लावली. ताईला अजून पटलेलं नाही. तिच्या वाट्याची तीन लुगडी तिच्याकडे कपाटात आहेत, दर दिवाळीआधी ती त्यांना ऊन दाखवते आणि पुन्हा घडी घालते. तीही काही चुकीचं करत नाही. मी इरकल अजून कापलेलं नाही.

यंदा आमच्या झाडाला फळ कमी दिसतंय, जे आहे ते खारी आधीच पळवतायत. तुमच्यापैकी कोणाच्या अंगणात काळा अक्रोड असेल आणि फळं कचऱ्यात जात असतील तर ऑक्टोबरमध्ये मंडळाच्या कार्यक्रमात मला गाठून सांगा. मी येऊन अंगण झाडून देईन. बादली माझी मी घेऊन येते.