शंभरांत सहा

गेल्या वर्षीं आमच्या वहिनींच्या मेंदूच्या आवरणांत वाढलेली गांठ शस्त्रक्रिया करून काढण्यांत आली. आठवड्यानें अहवाल आला, तेव्हां दादांनीं तो माजघरांत मोठ्यानें वाचला. पुष्कळसा मजकूर कोणासच उमगला नाहीं. मात्र शेवटीं "की-६७ : ६ टक्के" असें होतें, तें सर्वांच्या ध्यानांत राहिलें. जगण्याचा संभव शंभरांत सहा, असा अर्थ मातोश्रींनीं घेतला व त्या न बोलतां देवघरांत जाऊन बसल्या. आम्ही पदवीधर म्हणविणारे. पण त्यांची समजूत चुकीची आहे असें छातीठोकपणें सांगण्याइतकें ज्ञान आमच्यापाशींहि नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं प्रयोगशाळेंतील डॉक्टरांस गांठलें. त्यांनीं आम्हांस सूक्ष्मदर्शकाशींच बसविलें. निळ्या ठिपक्यांच्या गर्दींत कोठें कोठें एखादा तपकिरी ठिपका दिसत होता. ते म्हणाले, "निळीं तीं विश्रांति घेणाऱ्या पेशींचीं केंद्रकें, तपकिरी तीं विभाजनाच्या मार्गास लागलेल्यांचीं. शंभरांत तपकिरी सहा, इतकाच त्या आंकड्याचा अर्थ."

पेशींची वाढ अजमावण्याची जुनी रीत म्हणजे प्रत्यक्ष दुभंगत असलेल्या पेशी मोजणें. परंतु ती क्रिया सुमारें तासाभरांत आटोपते. म्हणून पाहूं जावें त्या क्षणीं अशा पेशी थोड्याच सांपडतात. १९८३ सालीं जर्मनींतील कील येथील गेर्डेस प्रभृति संशोधकांनीं एक प्रतिपिंड प्रसिद्ध केलें. विभाजनाच्या सर्व अवस्थांत केंद्रकांत असणाऱ्या, पण विश्रांतींत नसणाऱ्या प्रथिनास तें चिकटतें. गांवाचें नांव व ९६ खळग्यांच्या तबकडींतील क्रमांक मिळून 'की-६७' हें नांव पडलें. त्यास गोठविलेलें ऊतक लागे. पुढें १९९२ सालीं 'मिब-१' हें प्रतिपिंड पुढें आलें, आणि मेणांत बसविलेल्या ऊतकाचे काप तापवून घेतले कीं त्यांवरहि ही परीक्षा होऊं लागली.

तरी हा आंकडा सोनाराच्या तराजूंतला नव्हे. गर्दीची जागा निवडून मोजलें तर तो वाढतो, सगळीकडची सरासरी धरिली तर घटतो. दोन जाणते मोजणारेहि एकच उत्तर देतील असें नाहीं. शिवाय पेशी किती वेगानें वाढतात वा किती मरतात, हें तो सांगत नाहीं. म्हणून गांठीची प्रत ठरवितांना सूक्ष्मदर्शकाच्या दहा क्षेत्रांत दुभंगत्या पेशी चार किंवा अधिक आहेत काय, गांठ मेंदूंत शिरली आहे काय, हेंहि पाहतात. वहिनींच्या बाबतींत तसें कांहीं नव्हतें. प्रत पहिलीच होती. परंतु त्या प्रतीच्या मानानें सहा हा आंकडा थोडा चढा, म्हणून एमआरआय वेळच्या वेळीं करावा, असें डॉक्टरांनीं बजाविलें.

घरीं येऊन आम्हीं हें मातोश्रींस सांगितलें. "म्हणजे चौऱ्याण्णव निजलेल्या आहेत ना?" त्यांनीं विचारलें. आम्हीं होय म्हटलें. "निजूं देत तशाच," असें म्हणून त्या उठल्या व वहिनींसाठीं पेज करावयास गेल्या.

पुढची तपासणी येत्या महिन्यांत आहे. कोणताहि अहवाल मोठ्यानें वाचण्यापूर्वीं तो समजून घ्यावा, एवढा धडा मात्र आमच्या घरानें घेतला आहे.