पिकगार्डच्या खाली

जुनी इलेक्ट्रिक गिटार विकत घेताना पहिली पारख कानाने होत नाही, स्क्रू-ड्रायव्हरने होते. कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावी लिओ फेंडर यांच्या कारखान्यात 1954 साली जी स्ट्रॅटोकास्टर बनू लागली, तिची नेक बॉडीला चिकटवलेली नसते. मागच्या धातूच्या पट्टीतून चार स्क्रू आत जातात आणि तेवढ्यावर ती धरलेली असते. लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवत नसत. ते मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, आणि बिघडलेली वस्तू उघडता आली पाहिजे हा दुरुस्तीवाल्याचा आग्रह त्यांनी वाद्यातही आणला. खराब नेक काढावी, दुसरी बसवावी आणि वादकाने रात्रीच्या कार्यक्रमाला निघावं. या सोयीमुळेच सत्तर वर्षांनी आपल्याला त्या वाद्याच्या पोटात डोकावता येतं. याच सोयीमुळे मधल्या काळात कुणीही त्याचा कुठलाही भाग बदललेला असू शकतो.

नेक सुटी केली की बॉडीच्या खाचेत बसणाऱ्या तिच्या टोकावर पेन्सिलीने लिहिलेला महिना आणि वर्ष सापडतं. निदान पन्नाशीच्या दशकातल्या गिटारींवर बहुधा सापडतंच; 1962 पासून पेन्सिलीची जागा रबरी शिक्क्याने घेतली. तारखेजवळ कधी कधी ‘टीजी’ अशी दोन अक्षरं असतात. तादेओ गोमेझ या कारागिराची ती आद्याक्षरं. नेकला आकार देणं हे त्याचं काम. तारांखालची बॉडी झाकणारं पिकगार्ड उचललं, तर पन्नाशीच्या मध्यावरच्या काही स्ट्रॅटमध्ये (स्ट्रॅटोकास्टरचं हे रुळलेलं छोटं नाव) वायरिंगच्या खळग्यात कागदी चिकटपट्टीचा तुकडा दिसतो आणि त्यावर नाव असतं: मेरी, किंवा ग्लोरिया. डाख देऊन तारा जोडणाऱ्या बायकांची ही नावं. तारांचं कंपन टिपणाऱ्या पिकअपच्या चुंबकांभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार 8,000 च्या आसपास वेढे गुंडाळायची, हेही मुख्यतः बायकांचं काम होतं. त्यांतल्या अ‍ॅबिगेल इबारा 1956 साली फेंडरमध्ये आल्या आणि 2013 साली निवृत्त झाल्या. वेढे मशीनवर पडत, पण तार सोडत बोटं. त्यामुळे कुठलेही दोन पिकअप अगदी सारखे उतरले नाहीत, आणि आज ज्या आवाजासाठी लोक घर गहाण टाकायला तयार होतात त्या आवाजात या बोटांचा वाटा फार मोठा आहे.

उघडलेली गिटार समोर असली की मी आधी तो चिकटपट्टीचा तुकडाच शोधतो. मेरीने तो पारखी लोकांसाठी लावला नव्हता. कुणाचं काम कुठलं हे कारखान्यात कळावं, एवढाच त्याचा उपयोग. पुन्हा ते झाकण कुणी उघडेल आणि त्या नावावर लाखांचे व्यवहार ठरतील, हे तिच्या स्वप्नातही नसणार. म्हणून मला जुन्या गिटारीची दर्शनी बाजू तितकीशी बोलकी वाटत नाही. खरं काय ते अशा ठिकाणी असतं, जिथे कुणी काही दाखवायला गेलं नव्हतं.

खिळ्यांच्या भोकांचंच बघा. रंग मारलेली बॉडी वाळत ठेवायची तर ती कशावर तरी टेकवायला हवी, म्हणून फुलरटनचे कारागीर तिच्यात बारीक खिळे ठोकत आणि रंगकाम संपल्यावर ते उपटून काढत. भोकं पिकगार्डखाली आणि मागच्या पट्टीखाली लपून जात. खिळा रंगानंतर निघाला, म्हणून मूळ रंग असलेल्या गिटारीत त्या भोकाच्या आत कोरं लाकूड दिसलं पाहिजे. आत रंग उतरलेला असला, किंवा भोक बुजवलेलं असलं, तर ही बॉडी नंतर कधीतरी पुन्हा रंगवली गेली. फेंडर त्या काळी मोटारींचे रंग वापरत असे. ‘फिएस्टा रेड’ हा फोर्डच्या थंडरबर्डवरचा लाल, ‘लेक प्लॅसिड ब्लू’ हा कॅडिलॅकवरचा निळा. गिऱ्हाइकाला त्यासाठी फक्त 5 टक्के जादा मोजावे लागत. आता त्याच निळ्या गिटारीला नेहमीच्या सनबर्स्टपेक्षा, म्हणजे मध्यातून कडेकडे गडद होत जाणाऱ्या रंगापेक्षा, कितीतरी जास्त किंमत येते, आणि म्हणून साध्या सनबर्स्टवर निळा चढवण्याचा मोह काहींना होतो. त्या मोहाचा पहिला साक्षीदार हे भोक. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरलं की जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर हिरवट-पिवळं उजळतं आणि मागाहून मारलेली ठिगळं काळी उठून दिसतात, ही दुसरी साक्ष. दोन्ही साक्षी जुळल्या तरच पुढे बोलावं.

नवखा माणूस सगळ्यात आधी सीरियल नंबर विचारतो. पण हा नंबरच सगळ्यात कमी सांगतो. नंबर कोरलेल्या मागच्या पट्ट्या डब्यात एकत्र पडलेल्या असत आणि हाताला येईल ती लावली जाई. त्यामुळे लहान नंबर म्हणजे आधीची गिटार, हे गणित चालत नाही. गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांच्याकडे 0001 नंबरची 1954 सालची स्ट्रॅट होती. जून 2019 मध्ये ती ख्रिस्तीजच्या लिलावात 18,15,000 डॉलरला गेली. पण तिच्याआधी बनलेल्या स्ट्रॅट अस्तित्वात आहेत. शिवाय पट्टी चार स्क्रूंवर असते. ती एका गिटारीवरून दुसरीवर जायला पाच मिनिटं पुरतात.

त्यापेक्षा व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांखालचे पॉट (पोटेन्शिओमीटर) उलटे करून त्यांच्या पाठीवरचे आकडे वाचावेत. पहिले तीन आकडे पॉट बनवणाऱ्या कंपनीचे: 304 म्हणजे स्टॅकपोल, 137 म्हणजे सीटीएस. पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात. 304 6312 असं असेल, तर तो पॉट 1963 च्या बाराव्या आठवड्यातला. अर्थात गिटार त्याच्याआधीची नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं. 1966 मध्ये फेंडरने पॉटचा इतका साठा घेऊन ठेवला की ते 1969 पर्यंतच्या गिटारींत निघतात. नेकवरची तारीख आणि पॉटवरची तारीख यांत काही महिन्यांचं अंतर पडलं तर बिचकायचं कारण नाही. कारखाना हाताशी असलेल्या मालावर चालतो. पॉटवरचा डाख मात्र नीट पाहावा. जुना डाख निस्तेज करडा पडलेला असतो. चकाकणारा सांधा दिसला की इथे कुणी हात घातला आहे हे समजायचं.

1959 ते 1964 या काळातल्या स्ट्रॅटचं पिकगार्ड बहुधा सेल्युलॉइडचं असतं. मूळचं पांढरं, वयानुसार फिकट हिरवं होत गेलेलं. सेल्युलॉइड बनतं नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून, आणि बरीच वर्षं बंद राहिलेली केस उघडली की त्या कापराचा मंद वास येऊ शकतो. तो कापूर हळूहळू उडून जातो, तसं पिकगार्ड आकसतं, आणि स्क्रूंनी जखडलेलं असल्यामुळे पिकअपच्या आसपास चिरतं. हा तडा पाहून भाव पाडणारी गिऱ्हाइकं असतात. मला तो तडा फार विश्वासाचा वाटतो.

त्याच 1959 साली फेंडरने स्ट्रॅटच्या मेपल नेकवर रोजवुडचा फिंगरबोर्ड बसवायला सुरुवात केली. ते लाकूड ब्राझीलचं होतं. साठीच्या दशकाच्या मध्यानंतर भारतीय रोजवुड येऊ लागलं, म्हणजे आपलं शिसव. सह्याद्रीत वाढणारं, जुन्या वाड्यांतल्या पलंगांना आणि झोपाळ्यांना लागलेलं. ज्या लाकडावर आपल्याकडे पिढ्या झोके घेत होत्या, त्याच जातीचं लाकूड कॅलिफोर्नियात बोटांखाली झिजत होतं, याचा मला मनापासून आनंद होतो. खरेदीदाराने मात्र एक लक्षात ठेवावं: ब्राझिलियन रोजवुड 1992 पासून दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. तशी गिटार परदेशातून आणायची तर आधी परवान्याची चौकशी करावी, पैसे नंतर द्यावेत.

गिब्सनची 1958 ते 1960 मधली सनबर्स्ट लेस पॉल हा वेगळाच प्रांत. त्या काळी ती इतकी कमी खपली की कंपनीने तो आकारच बंद केला, आणि आज तिच्या किमतीत फ्लॅट येतो. तिच्यावरचा लाल रंग उन्हात उडून जाई. पिकगार्ड काढलं की त्याखाली सावलीत राहिलेली मूळ लाली तशीच मिळते, आणि कडेला ती हळूहळू मधाच्या रंगात मिसळते. त्या जागी सगळीकडे एकच छटा असेल तर प्रश्न विचारावेत.

1995 पासून फेंडरच नव्या गिटारी मुद्दाम झिजवून विकू लागली. सौदा उघड असेल तर त्यात गैर काही नाही. पण त्या झिजेला कारण नसतं. खऱ्या गिटारीवर उजवा हात जिथे टेकतो ती वरची कड आधी उडते, पहिल्या काही फ्रेटच्या मधल्या जागा काळवंडतात, अंगठा फिरतो तिथे नेकची पाठ गुळगुळीत होते. एका माणसाचं शरीर तिथे उभं करून बघता आलं पाहिजे.

आणि तरीही, सगळं मूळचं असणं हे माझ्या लेखी अंतिम नाही. गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनी 1970 मध्ये नॅशव्हिलच्या शो-बड दुकानातून सहा जुन्या स्ट्रॅट उचलल्या. तीन त्यांनी जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड आणि स्टीव्ह विनवुड या वादकांना दिल्या, आणि उरलेल्या तिघींचे उत्तम भाग जुळवून ‘ब्लॅकी’ केली. अस्सलपणाच्या कुठल्याही कसोटीत ती नापास झाली असती. पंधराएक वर्षं मात्र तिनेच त्यांचं संगीत वाहून नेलं, आणि 2004 मध्ये ती 9,59,500 डॉलरला विकली गेली. म्हणून वाजवण्यासाठी घेणाऱ्याला मी सांगेन, की पुन्हा रंगवलेली घ्या. लाकूड तेच, पिकअप तेच, टीजीची नेकही तीच असू शकते, आणि रंग बदलल्यामुळे किंमत अर्ध्यावर येते. विकणारा ती उघडून दाखवायला नकार देत असेल तर तिथून उठा. पण एकदा पाहून झाली की पुन्हा पुन्हा उघडू नका, लाकडातले स्क्रूचे आटे दर खेपेला सैल होतात.

मग ती आधी अ‍ॅम्पला न जोडता वाजवावी. चांगली स्ट्रॅट तशीही छातीला जाणवते. नंतर जोडावी आणि पिकअप निवडायचा स्विच फिरवावा. 1977 पर्यंत तो तीन जागांचा होता. दोन जागांच्या मध्ये तो अलगद अडकवला की दोन पिकअप एकदम बोलतात, हे वादकांनी स्वतःच शोधून काढलं आणि कंपनीने पाच जागांचा स्विच नंतर दिला. त्यामुळे जुन्या गिटारींत हा भाग हमखास बदललेला मिळतो. तेवढ्यासाठी सौदा मोडू नये. मूळचा स्विच केसच्या खणात पडलेला आहे का एवढं विचारावं, आणि असेल तर तोही सोबत मागून घ्यावा.