टाचणीचे टोपण

उघडे टोक दिसले की मला चैन पडत नाही. हा माझा स्वभाव आहे की व्याधी, याविषयी आमच्या घरात मतभेद आहेत. लेखणी उघडी टाकून कोणी टेलिफोन घ्यायला उठले, तर ते माणूस परत येईपर्यंत मी तिचे टोपण बसवून मोकळा झालेला असतो. शिवणाच्या डब्यातील सुया मी वेळोवेळी बुचात खोचून ठेवतो. कात्रीची टोके भिंतीकडे वळवून ठेवतो. आणि कोणी बोलता बोलता चाकू हातात धरून हातवारे करू लागला, तर त्याच्या बोलण्यातील एकही शब्द माझ्या कानांत शिरत नाही.

या खोडीचे मूळ माझ्या आईच्या स्वयंपाकघरात आहे. भाजी चिरून झाली की विळी आडवी केल्यावाचून उठायचे नाही, हा तिचा दंडक होता. मग शेगडीवर दूध उतू जावो की दारात पाहुणा उभा राहो! हत्यार वापरणाऱ्याचे असते, पण त्याची धार घरातल्या सगळ्यांची असते, असे काहीसे तिचे तत्त्वज्ञान होते. ते तिने कधी शब्दांत मांडले नाही. एकदा मी उभ्या विळीवरून उडी मारली तेव्हा पाठीत धपाटा घालून मात्र ते माझ्या कायमचे ध्यानात राहील अशी व्यवस्था केली.

असा मी मनुष्य मुलीकडे लंडनला राहायला गेलो असता एका शनिवारी पोर्टोबेलो रस्त्यावरील जुन्या बाजारात हिंडत होतो. एका टेबलावर जुन्या हॅटपिना मांडल्या होत्या. काळ्या काचेच्या बोंडाची, एखाद्या लहानशा तलवारीसारखी सरळ अशी एक पोलादी टाचणी मी उचलली, आणि पाहतो तो तिच्या टोकावर तुरीच्या दाण्याएवढे एक काळे टोपण! ते ओढले तर हलकासा विरोध करून सुटले. आत बारीकशी स्प्रिंग होती. तिने टोक धरून ठेवले होते. विकणाऱ्या बाईंनी सांगितले, की टाचण्या ढिगांनी मिळतात, पण मूळच्या टोपणासह मिळणे कठीण. कारण टोपणे हरवत. मला यात नवल वाटले नाही. हरवणे हा टोपणाचा धर्मच आहे. मी ती टाचणी विकत घेतली. खरे सांगायचे तर मी टोपण विकत घेतले. टाचणी त्याच्याबरोबर आली.

घरी येऊन मोजली तेव्हा ती ९ इंच भरली. आमच्या बायकांच्या अंबाड्यातील आकडा केसांतच शिरतो आणि केसांतच संपतो. या टाचणीला एवढ्या लांबीचे प्रयोजन काय, असा प्रश्न पडला. आणि पुढचा आठवडा मी मुलीच्या घराजवळच्या ग्रंथालयात, निवृत्त माणसालाच शोभेल अशा उद्योगात घालवला.

गोष्ट अशी आहे. एकोणिसाव्या शतकात तिकडील स्त्रिया बॉनेट घालीत आणि ते हनुवटीखाली फितीने बांधीत. पुढे बॉनेट मागे पडले, फिती गेल्या आणि हॅट आली; नि १९०० नंतरच्या दहा वर्षांत ही हॅट वाढत वाढत परातीएवढी झाली. १९०७ साली लंडनच्या डेलीज थिएटरात 'द मेरी विडो' ही संगीतिका आली, आणि तिच्यातील नायिका लिली एल्सी हिची रुंद हॅट पाहून तर या हौसेला धरबंधच उरला नाही. पिसे, फुले, फिती, क्वचित आख्खा पेंढा भरलेला पक्षी, असा सारा संभार त्या हॅटवर असे. खाली केस फुगवून रचलेले. ते फुगावेत म्हणून आत केसांच्याच गाद्या. आपल्याकडील गंगावनाची ही थोरली बहीण. फणीत गळून आलेले केस साठवून या गाद्या करण्याची रीत होती, आणि ते साठवण्यासाठी आरशापुढे झाकणाला भोक असलेले एक भांडेही असे. हे एवढे छप्पर वाऱ्यात डोक्यावर टिकवायचे, तर टाचणी हॅटच्या एका बाजूने आत शिरून, केसांच्या बुचड्याला भेदून, दुसऱ्या बाजूने बाहेर पडायलाच हवी. म्हणून ६ इंचांच्या टाचण्या १० नि १२ इंचांच्या झाल्या. चांदीच्या बोंडाच्या टाचण्यांसाठी हॅलिफॅक्सच्या चार्ल्स हॉर्नर यांचे नाव झाले. त्या उभ्या ठेवण्यासाठी गुलाबदाणीसारखी, माथ्यावर भोके असलेली चिनी मातीची भांडी निघाली.

आता हॅटच्या दुसऱ्या बाजूने बाहेर आलेले ते टोक कोठे असणार? शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर. हेच शहरांतून विजेच्या ट्रॅमगाड्या भरभरून वाहू लागल्याचे दिवस. गाडीने हिसका दिला की कोणाचा गाल ओरखडे, कोणाचा कान फाटे, आणि डोळ्याला इजा झाल्याच्या बातम्याही वर्तमानपत्रांत येत. पेनिसिलिनच्या कितीतरी आधीचा तो काळ. साधा ओरखडा चिघळला तरी जीवावर बेतायचे. तेव्हा शिकागोच्या नगरसभेने १९१० साली ठराव केला, की हॅटच्या बाहेर अर्ध्या इंचाहून अधिक टोक काढणाऱ्या स्त्रीला ५० डॉलरपर्यंत दंड व्हावा. मिलवॉकी, बाल्टिमोर, न्यू ऑर्लिन्स अशा इतर शहरांनीही तसेच नियम केले. जर्मनीतील शहरांतून टोपण नसलेल्या टाचणीला ट्रॅममध्ये मज्जाव झाला. आणि कारागिरांनी टोपणांच्या युक्त्या काढल्या. कोणी बुचाचे, कोणी रबराचे, कोणी स्प्रिंगचे, कोणी आटे पाडून फिरवून बसवायचे. पैसेवाल्यांसाठी टाचणीच्या बोंडाशी जोडी जुळवणारे मोत्याचे वा चांदीचे टोपण. १९१० च्या आगेमागे या एवढ्याशा वस्तूवर कितीतरी पेटंटे घेतली गेली.

हे सारे मी रात्रीच्या जेवणाच्या वेळी मुलीला रोज थोडे थोडे सांगत असे, आणि माझा कल कोणीकडे होता हे वाचकांनी ओळखलेच असेल. शिकागोच्या नगरपित्यांत मला माझी आई दिसत होती. हॅट तुमची, हौस तुमची. पण धार सगळ्यांची! एवढेसे टोपण घालायला काय हरकत होती? परंतु गंमत अशी, की स्त्रियांनी खळखळ केली. सिडनीत तर १९१२ साली कित्येक जणी दंड भरण्यापेक्षा तुरुंगात जाणे बरे म्हणून तुरुंगात गेल्या. "तुरीएवढ्या टोपणासाठी तुरुंग!" असे म्हणून मी हसलो. मुलगी हसली नाही. ती पानात पाहत होती.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात मला कॅन्ससच्या त्या तरुणीची हकीकत सापडली. १९०३ सालच्या मे महिन्यात ती न्यूयॉर्क पाहायला आली होती, आणि फिफ्थ ॲव्हेन्यूवरून उतारूंच्या घोडागाडीने चालली होती. शेजारी एक वयस्कर, चांगल्या पोशाखातले गृहस्थ. गाडीने हिसका दिला की ते तिच्याकडे सरकत; हिसका थांबला तरी ते सरकलेलेच राहत. होता होता त्यांचा हात तिच्या पाठीमागे आला. तिने हॅटमधील टाचणी उपसली आणि त्या हातात खुपसली. गृहस्थ ओरडले आणि पुढच्याच थांब्यावर उतरून गेले. वर्तमानपत्रांत हे छापून आले, आणि तिच्यासारख्या इतर जणींच्याही हकीकती त्या वर्षांत येऊ लागल्या. ज्या स्त्रिया आता एकट्या नोकरीला नि शाळा-कॉलेजांना जाऊ लागल्या होत्या, त्यांच्यापाशी रस्त्यात दुसरे काही हत्यार नव्हते. शिकागोत ठरावाची चर्चा चालू असता स्त्रियांच्या बाजूने हेच मांडले गेले: आमच्या टाचण्या काढून घ्यायच्या असतील, तर आधी रस्ते निर्धोक करा. ठराव तरीही झाला.

ही हकीकत मी त्या रात्री सांगितली, पण आदल्या दिवसाइतक्या आवेशाने नव्हे. सांगून झाल्यावर, केवळ सवयीने, मी असेही म्हणालो, की तरीही गर्दीत उघडे टोक वाईटच. एखाद्या तिऱ्हाइताचा डोळा गेला तर?

मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही त्या वेळीही हेच म्हणाला होतात."

"कोणत्या वेळी?"

मग तिने सांगितले, आणि ती सांगत असता मलाही ते सारे आठवले. बावीस वर्षांपूर्वी ती नुकतीच कॉलेजात जाऊ लागली होती आणि शहराच्या बसने जात असे. एका सकाळी मी वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. ती निघाली तेव्हा तिच्या आईने दारापाशी आपल्या बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली, उघडली आणि काही न बोलता तिच्या हातात दिली. मी वर्तमानपत्रावरून पाहिले. मला काय दिसले असेल? उघडे टोक दिसले. मी म्हणालो, "ती मिटून ठेव ग. बसला हिसके बसतात; कोणाच्या डोळ्यात जाईल." मायलेकींनी एकमेकींकडे पाहिले. मुलीने पिन मिटली आणि ती गेली.

पुढे महिन्याभरात तिने सायकल मागितली. जाऊन येऊन १४ किलोमीटर. मला कोण अभिमान वाटला! पावसाळ्यात भिजून येई, उन्हाळ्यात तोंड लाल करून येई. आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे, की आमच्या मुलीला व्यायामाची आवड आहे.

सेफ्टी पिनेची कल्पना ज्याने काढली तो वॉल्टर हंट नावाचा अमेरिकन. १८४९ साली त्याने तिचे पेटंट घेतले आणि ४०० डॉलरांना विकून टाकले. जिचे टोपण तिच्याच अंगाला जोडलेले आहे आणि म्हणून कधी हरवत नाही, अशी ही टाचणी. या कारणाने ती मला फार प्रिय होती. ती मिटता येते, यावरच माझे लक्ष होते. माझ्या घरातील दोन शहाण्या स्त्रियांना ती उघडून का धरावी लागते, हा प्रश्न पन्नाशीला आलेल्या, शिकलेल्या, चार लोकांत विचारी म्हणून गणल्या गेलेल्या माणसाला पडला नाही.

त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. आईच्या विळीचा न्याय चुकीचा होता, असे मला अजूनही वाटत नाही. ट्रॅममध्ये ज्याचा डोळा दुखावला तो बहुधा निरपराधच असणार. हॅटमधून बाहेर आलेले टोक माणूस पाहून टोचत नाही. ते पाठीशी उभ्या असलेल्या भल्यालाही टोचते. टोपण हवे, यात शंका नाही. पण आईने विळी आडवी करायला लावली ती ज्या स्वयंपाकघरात, तेथे तिच्या अंगावर कोणी चाल करून येत नव्हते. टोपणाचा नियम हा निर्भय घराचा नियम आहे. तो भयाच्या जागी नेऊन लावायचा, तर आधी भयाची चौकशी केली पाहिजे. आणि ती चौकशी नगरपित्यांनी केली नाही, मीही केली नाही. याचे एक कारण मला असे वाटते, की टाचणीचे टोक अर्धा इंच बाहेर आहे की पाऊण, हे फूटपट्टीने मोजता येते. गर्दीत सरकत येणारा हात मोजायला फूटपट्टी नाही. जे मोजता येते त्याला आपण चटकन दंड ठेवतो, आणि न्याय केल्याचे समाधान मानतो.

शिकागोच्या त्या ठरावाचे पुढे विशेष काही उरले नाही. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धानंतर स्त्रियांनी केस कापले, डोक्याला चपखल बसणारी घंटेच्या आकाराची क्लोश हॅट आली. टाचणीला धरायला बुचडाच राहिला नाही, आणि टाचणीबरोबर टोपणही गेले. ज्या कारणासाठी त्या तरुणीने टाचणी उपसली होती, ते कारण मात्र केसांबरोबर कापले गेले नाही.

परत निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी सामान बांधत होतो. टाचणी वर्तमानपत्रात गुंडाळणार, तोच मुलीने ती हातात घेतली. टोपण काढले, टोक बोटावर टेकवून पाहिले, आणि पुन्हा टोपण बसवून, ते नीट बसले ना हे दोनदा दाबून पाहिले. ती माझीच मुलगी आहे.

मी विचारले, "कोणत्या क्रमांकाची बस होती ग ती?"

बावीस वर्षे झाली होती. तिने क्षणभरही न थांबता क्रमांक सांगितला.