केळीच्या मुलुखातील रोजा

तापीकाठच्या खान्देशात उन्हाळा म्हणजे परीक्षाच. मे महिन्यात जळगाव, भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. रस्ते दुपारी ओस पडतात, पण केळीचे काम थांबत नाही. २०१९ साली रमजान ७ मे रोजी सुरू झाला, तेव्हा आम्ही या भागात होतो. पहाटे साडेचारच्या आत सहरी संपायची आणि इफ्तार सातच्या सुमारास. साडेचौदा तासांचा रोजा!

सावद्याजवळ एका ठिकाणी केळीचे घड ट्रकमध्ये भरले जात होते. भरणारे बहुतेक रोजेदार. ओले फडके डोक्यावर घेऊन ते निमूट काम करीत होते. ट्रकचालक तरुण आदल्या रात्री परराज्यातून गाडी घेऊन आला होता आणि भरणी होताच दिल्लीकडे निघणार होता. त्याचा रोजा नव्हता. तो ट्रकच्या आड उकिडवा बसून पाणी पीत होता.

हमालांतील एका वृद्धाने ते पाहिले. म्हणाले, "बेटा, आडोशाला कशाला बसलास? ही सूट अल्लाहने दिली आहे, तू चोरून आणलेली नाहीस."

"ईदनंतर सगळे रोजे पूर्ण करीन, चाचा," तरुण ओशाळून म्हणाला.

"मग झालं की! सावलीत बस आणि नीट पी."

रोज्याचा मोठा धडा या दोन वाक्यांत आहे. रोजे हिजरी सन २ मध्ये फर्ज झाले. दिव्य कुरआनच्या सूरह बकरामध्ये (आयत १८३ ते १८५) हा आदेश येतो. हेतू सांगितला आहे तकवा, म्हणजे ईशपरायणता. आणि तेथेच आजारी व प्रवासी यांना दुसऱ्या दिवसांत संख्या पूर्ण करण्याची मुभा आहे. अल्लाहला तुमच्यासाठी सुलभता हवी आहे, अडचण नको, हेही त्याच ठिकाणी सांगितले आहे. हिजरी सन ८ मध्ये मक्केकडे जाताना प्रेषितांनी (स.) रमजानमध्ये वाटेत पाणी मागवले, भांडे लोकांना दिसेल असे उंच धरले आणि रोजा सोडला. सवलत घेणाऱ्याला कोणी कमी लेखू नये, हे त्यांनी कृतीने शिकविले.

दुसऱ्या दिवशी आम्ही एरंडोल, पारोळामार्गे धुळ्यास गेलो. धुळे जळगावच्या पश्चिमेस, म्हणून सूर्य तेथे सुमारे तीन मिनिटे उशिरा मावळतो. मशिदीच्या अंगणात यंत्रमागावरून थेट आलेले कामगार बसले होते. काहींच्या केसांत अजून सुताचा कापूस होता. पुढ्यात खजूर, कलिंगडाच्या फोडी आणि जळगावची केळी. घास समोर असून हात थांबलेले. पाहणारा कोणी नसला तरी रोजेदार पाण्याचा घोट घेत नाही, कारण अल्लाह पाहतो आहे ही त्याची खात्री असते. तीच खात्री तोलमापात, मजुरी देताना आणि बोलताना टिकली, तर रोजा सफल झाला.

याच जिल्ह्यात तापीकाठी थाळनेरला फारुकी घराण्याच्या कबरी आहेत. मलिक राजा १३९९ साली तेथे दफन झाला. म्हणजे सहाशेहून अधिक वर्षे या काठावर रमजान येत आहे. चांद्रवर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे तो कधी थंडीत, कधी वैशाखात येतो. सोपे आणि कठीण दिवस प्रत्येक पिढीच्या वाट्याला येतात.

आपल्या घरांतही कोणी मधुमेहाने त्रस्त असते, कोणी गरोदर असते, एखादी सून तान्ह्याला पाजत असते. "रोजा का नाही?" असे चारचौघांत विचारून आपण त्यांना आडोशाला बसवतो. बरे होणाऱ्याने नंतर कजा करावी. ज्याला पुढेही शक्य नाही त्याने फिदया द्यावा. मार्ग मोकळा आहे. तो अरुंद करण्याचा अधिकार आपल्याला नाही. रोजेदाराने आपली भूक सांभाळावी आणि दुसऱ्याची लाजही राखावी.