बेंचवर

आमच्या ऑफिसात 'बेंच' हा शब्द हळू आवाजात उच्चारतात. प्रोजेक्ट संपलं आणि पुढचं मिळालं नाही, की माणूस बेंचवर. पगार चालू, कार्ड स्वाइप करणं चालू, कॉफी मशीन तर काय चालूच... पण कॅन्टीनमध्ये त्याच्या टेबलावर बसण्याआधी लोक जरा इकडेतिकडे बघतात. मी आयुष्यात दोनदा बेंचवर बसले. दुसऱ्यांदा कंपनीत. पहिल्यांदा त्याच्या खूप आधी, 2008 साली, उस्मानाबादच्या पोरींच्या खो-खो टीममध्ये. (आता धाराशिव म्हणायचं. जिल्ह्याचं नाव 2023 मध्ये अधिकृतपणे बदललं. माझ्या सर्टिफिकेटवर मात्र अजून उस्मानाबादच आहे, आणि ही सगळी भानगड त्या सर्टिफिकेटचीच आहे.)

विषय निघाला तो एका मोबाइल गेमवरून. 28 जुलै 2022 ला बीजीएमआय स्टोअरवरून गायब झाली आणि माझ्या शेजारच्या क्युबिकलमधला पोरगा सुतकात गेला. 2020 च्या सप्टेंबरात पब्जीवर बंदी आली तेव्हा तो म्हणे दोन दिवस नीट जेवला नव्हता. यावेळी डबा खात होता, पण बोलत नव्हता. मी सहज विचारलं, "अरे, गेमच आहे ना?" आणि पुढचा अर्धा तास मला 'रोस्टर' या विषयावर लेक्चर ऐकावं लागलं.

तो 'सोल' या टीमचा भक्त. मार्च 2019 मध्ये हैदराबादला सोलनं पब्जीची देशातली मोठी स्पर्धा मारली, तेव्हा खेळणारे चौघे होते मॉर्टल, व्हायपर, रोनक आणि ओवेस. जून 2022 मध्ये त्याच सोलनं बीजीएमआयची प्रो सिरीज मारली, तेव्हा खेळत होते ओमेगा, गोब्लिन, हेक्टर आणि अक्षत. नाव तेच, जर्सी तीच, माणसं चारच्या चार वेगळी!

"मग तू नक्की कुणाचा फॅन आहेस?" मी विचारलं.

तो गप्प. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही आयपीएल बघता ना? तसंच."

मी आयपीएल बघत नाही. मी खो-खो बघते. हे सांगितल्यावर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी अजून पेजर वापरते! पण योगायोग असा, की त्याच ऑगस्टच्या 14 तारखेला आमच्या ऑफिसपासून वीस मिनिटांवर, बालेवाडीत, अल्टिमेट खो-खोचा पहिला सीझन सुरू झाला. गेम गेलेला पोरगा, संध्याकाळी करायला काही नाही. म्हटलं, चल.

आणि बघता बघता तो अडकला की हो! कारण त्याला हवं ते सगळं तिथं होतं. फ्रँचायझी होत्या सहा: चेन्नई क्विक गन्स, गुजरात जायंट्स, मुंबई खिलाडीज, ओडिशा जगरनॉट्स, राजस्थान वॉरियर्स, तेलुगू योद्धाज. खेळ मॅटवर, लाइट्स, म्युझिक. बोली नव्हती, ड्राफ्ट होता. खेळाडू गटांत विभागलेले, वरच्या गटाला सीझनचे 5 लाख, आणि टीमनं पाळीपाळीनं नावं उचलायची. वर 'वजीर' नावाची नवी भानगड. साध्या खो-खोत आक्रमकानं एकदा दिशा धरली की खांबाला वळसा घातल्याशिवाय मागं फिरता येत नाही. वजिराला कुठंही पळता येतं. माझ्या जुन्या मास्तरांनी हे पाहिलं असतं तर शिट्टीच गिळली असती. पोरगा मात्र खूश, "हा तर स्पेशल पॉवरवाला कॅरेक्टर!"

त्यानं मुंबई खिलाडीज पकडली. बिचारा! मुंबई त्या सीझनला उपांत्य फेरीत पोचली नाही. 2023-24 ला कटकमध्ये दुसरा सीझन झाला, टीमचा चेहरामोहरा बदलला, अनिकेत पोटे कॅप्टन झाला, तरी नाहीच. पण रोस्टरची गंमत मला त्यानंच दाखवली. महाराष्ट्राच्या टीममध्ये खांद्याला खांदा लावून खेळणारे इथं एकमेकांना बाद करायला टपलेले. प्रतीक वाईकर तेलुगू योद्धाजकडे, आमच्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या वेळापूरचा रामजी कश्यप चेन्नईकडे. 4 सप्टेंबरची फायनल आम्ही पाहिली. ओडिशा 46, तेलुगू योद्धाज 45. शेवटच्या काही सेकंदांत ओडिशाच्या सूरज लांडेनं हवेत असा काही सूर मारला, की मी खुर्चीवर उभी राहिले. एका पॉइंटनं सीझन संपला.

पार्किंगमध्ये बाइक काढता काढता त्यानं विचारलं, "मॅडम, मुलींच्या टीम कधी खेळतात?"

मुलींच्या टीम नव्हत्या. पहिल्या सीझनला नव्हत्या, दुसऱ्याला नव्हत्या. मी त्याला सांगितलं, की आमच्या गावच्या सारिका काळेच्या कॅप्टनशिपखाली 2016 मध्ये गुवाहाटीला भारताच्या मुलींनी साउथ एशियन गेम्सचं गोल्ड आणलं. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. आणि घरी दिवसातून एकदाच जेवण मिळायचं, अशा परिस्थितीतून ती आली, हे तिनं स्वतःच सांगितलंय. तो म्हणाला, "मग तिला कुठल्या कॅटेगरीत घेतलं असतं? पाच लाखवाली?" मी हेल्मेट घातलं. काही प्रश्नांना हेल्मेट बरं असतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सारिका काळेमुळे नाही. माझ्या मैत्रिणीमुळे.

आम्ही दोघी एकाच गल्लीतल्या. पहाटे साडेपाचला ती माझ्या खिडकीवर खडा मारायची, की आम्ही ग्राउंडवर. ती मैदानात उतरली की तिसऱ्या तुकडीची पाळीच येऊ नये, असं पळायची. हुलकावणी तर अशी द्यायची, की समोरची पोरगी भलत्याच बाजूला सूर मारून मातीत! मी बरी होते. नुसती बरी. दहावीत असताना राज्य स्पर्धेची यादी लागली. बारा नावं, नऊ मैदानात, तीन राखीव. तिचं नाव वरून तिसरं. माझं यादीच्या खाली पेन्सिलीनं लिहिलेलं, तेरावं.

जायच्या आदल्या दिवशी तिच्या घरून निरोप आला. परगावी चार रात्री मुक्काम, पोरीची जात, नाही जमणार. बस्स. वादविवाद नाही, रडारड नाही. मास्तरांनी खोडरबर घेतलं नाही, नुसती तिच्या नावावर एक रेघ ओढली.

आणि मी गेले. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. माझे बूट फाटलेले होते म्हणून मी तिच्याच घरी जाऊन तिचे कॅनव्हासचे बूट मागून घेतले. तिनं दिलेसुद्धा. स्पर्धेत आम्ही दोन मॅच जिंकलो, तिसरी हरलो. तिन्ही मॅच मी राखीव म्हणून कडेला बसून पाहिल्या. एक मिनिटही मैदानात उतरले नाही. येताना सर्टिफिकेट मात्र सगळ्यांना मिळालं.

त्या सर्टिफिकेटचं पुढं काय झालं? रेझ्युमेमध्ये शेवटी एक ओळ आली: राज्यस्तरीय खो-खो खेळाडू. कॅम्पस इंटरव्ह्यूत एचआरच्या बाई बाकी सगळं सोडून त्या ओळीवर थांबल्या. "ओह, सो यू आर अ टीम प्लेअर!" मी चक्क दहा मिनिटं खो-खोबद्दल बोलले. साखळी कशी खेळायची, हुलकावणी कशी द्यायची... सगळं तिचं. ऑफर लेटर माझं.

तिचं एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. गावातच दिलं. आम्ही फोनवर बोलायचो, दिवाळीला भेटायचो, पण हे कधी निघालं नाही. बालेवाडीच्या त्या रात्रीनंतरही मी दोन वर्षं काढली. अशा गोष्टी व्हॉट्सॲपवर टाइप करता येत नाहीत. मी करून पाहिल्या. डिलीट केल्या.

2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला. भारताच्या मुलींच्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. 19 तारखेला, रविवारी फायनल. म्हटलं, ही मॅच पुण्यात बसून बघायची नाही. शनिवारी सकाळी स्वारगेटहून एसटी धरली.

रविवारी संध्याकाळी तिच्या हॉलमध्ये आम्ही सगळे. नवरा, सासूबाई, शेजारपाजारचे, आणि सगळ्यात पुढं जमिनीवर तिची बारा वर्षांची लेक. ती तुळजाभवानी स्टेडियमवर रोज सकाळी प्रॅक्टिसला जाते. नेपाळच्या मुली चिवट, पण आपल्या पोरींनी ऐकलंच नाही. 78-40! पोरीनं सोफ्यावरून उडी मारली, सासूबाईंनी "पडशील गं!" म्हणून ओरडून घेतलं. नंतर पुरुषांनीही नेपाळलाच 54-36 असं हरवलं, तोवर आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. ती भाकरी थापत होती, मी ओट्याला टेकून उभी.

मी सांगितलं. सगळं. यादी, रेघ, आनंद, एचआरच्या बाई, टीम प्लेअर.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "म्हणजे तिन्ही मॅच नुसती बसून होतीस?"

"हो."

"आणि माझे बूट?"

मला पटकन काही कळेना. "बूट?"

"कॅनव्हासचे. निळ्या पट्टीचे. आठ दिवसांत देते म्हणाली होतीस." ती हसली नाही, पण रागावलेलीही नव्हती. पिठाचा हात तसाच कमरेवर ठेवून माझ्याकडे बघत राहिली. "अण्णांनी बार्शीहून आणले होते गं. मी आल्यावर विचारणार होते, मग म्हटलं जाऊ दे. घातलेस तरी का?"

"घातले. रोज घालून बसायचे."

बाहेर टीव्हीवर कप द्यायचा कार्यक्रम चालू झाला होता. पोरगी धावत आत आली, "मावशी, आई, या ना, अश्विनीताई दिसतीये!" आणि तशीच परत पळाली. अनवाणी.

"हिला कितव्या नंबरचे लागतात?" मी विचारलं.

"पाच," ती म्हणाली. "पण सहाचे आण. वाढतीये."